मागच्या डाव्या बाजूचा आवाज

गाडीत बुश नावाची काही वस्तू असते, हे गाडीमालकाला ती फाटल्यावरच कळतं. तोवर त्याला टायर, बॅटरी, एसी आणि गाणी एवढंच ठाऊक असतं. मी जळगावात बत्तीस वर्षं गॅरेज चालवलं. आता ते माझा जावई पाहतो. मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो आणि कोणी न विचारता सल्ले देतो. जावई भला आहे, ऐकल्यासारखं करतो.

ज्यांचा गाडीच्या पोटाखाली डोकावण्याशी कधी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. चाकांना धरून ठेवणारे लोखंडी दांडे गाडीच्या सांगाड्याला जिथे जोडलेले असतात, तिथे लोखंडावर लोखंड आदळू नये म्हणून मध्ये रबराचं जाड कडं बसवतात. ते कडं म्हणजे बुश. आपल्या गुडघ्यात गादी असते तसंच. ती झिजली की आपण जिना चढताना ‘आई गं’ म्हणतो आणि गाडी स्पीडब्रेकरवर ‘खट’ म्हणते. फरक इतकाच की गुडघा दुखला की माणूस डॉक्टरकडे जातो आणि गाडी वाजली की गाण्याचा आवाज वाढवतो.

गाणीही पुरेनाशी झाली की मग आमच्याकडे येतो. आल्यावर आधी तोंडाने गाडी वाजवून दाखवतो. चांगले शिकलेले, चार माणसांत मान असलेले लोक माझ्यासमोर ‘कुईं-कुईं’ आणि ‘टक-टक-खड्ड’ करून गेले आहेत. रावेरच्या केळीचे व्यापारी असलेल्या एका आबांनी आवाज मोबाइलमध्ये भरून आणला होता. त्यात गाडी कमी आणि त्यांच्या मंडळी जास्त ऐकू येत होत्या. ‘इका हे डबडं आता,’ हे वाक्य तीन वेळा होतं. मी आबांना म्हणालो, पहिल्या आवाजावर माझ्याकडे उपाय आहे, दुसऱ्यावर नाही.

हे असे आवाज ओळखण्यात माझा कान पक्का आहे असा माझा समज होता, आणि गावाचाही होता. कोणता बुश गेला हे मी गाडी गॅरेजात शिरता शिरता सांगायचो. याच कानाच्या घमेंडीपायी एका बाईंची नोकरी जायची वेळ आली होती. तेवढा एकच किस्सा सांगतो, कारण बाकीचे सगळे मी फुशारकीने सांगतो आणि हा सांगताना अजूनही कान गरम होतात.

चार शिक्षक होते. राहायला जळगावला आणि शाळा पाचोऱ्याच्या पलीकडे एका खेड्यात. रोज जाऊन येऊन करायचे. याला आमच्याकडे अपडाउन म्हणतात आणि अपडाउनवाल्यांची गाडी म्हणजे एक बिऱ्हाडच असतं. गाडी पाटील सरांची, ते गणित शिकवायचे आणि गाडीही हिशेबानेच चालवायचे. त्यांच्या शेजारी पुढे चौधरी सर, खेळाचे शिक्षक, कारण त्यांचे पाय मागे मावत नसत. मागे उजवीकडे मराठीचे बोरसे सर आणि मागे डावीकडे विज्ञानाच्या महाजन मॅडम. सहा वर्षांत या जागा बदललेल्या नव्हत्या. मॅडमची निवृत्ती अडीच वर्षांवर आली होती. अंगाने भरलेल्या, बोलायला मोजक्या.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर चौघं गाडीसह माझ्या दारात उभे राहिले. आवाज येतो म्हणाले.

“कसा येतो?” मी विचारलं.

“कण्हल्यासारखा,” बोरसे सर म्हणाले. “म्हणजे बघा, एखादी जुनी वेदना...”

“खट असा येतो,” चौधरी सरांनी त्यांना मध्येच तोडलं.

“पाचोऱ्यापर्यंत चौतीस वेळा येतो,” पाटील सर म्हणाले. “परत येताना एकतीस. तीनचा फरक का पडस ते समजत नही.”

मॅडम म्हणाल्या, “मागून डावीकडून येतो. खड्डा असला तरच.”

कामाचं बोलल्या त्या एकट्या. पण मला माझा कान दाखवायचा होता. चौघांना गाडीत बसवून मी स्वतः चक्कर मारली, मला जागा करून द्यायला पाटील सर मागे मधे बसले. आवाज आला. मग दर चकरेला गॅरेजसमोर मी एकेकाला उतरवत गेलो. चौधरी सर उतरले, आवाज होता. बोरसे सर उतरले, होता. महाजन मॅडम उतरल्या आणि आवाज गप्प झाला. मी गाडी वळवून आणली, खिडकीतून मुंडकं बाहेर काढलं आणि भर रस्त्यात जाहीर केलं, “सापडला! मॅडम उतरल्या की आवाज बंद!”

सगळे हसले. मॅडमही थोड्या हसल्या. त्या थोड्या हसण्याकडे माझं लक्ष गेलं नाही. माझं लक्ष माझ्या कानाच्या कौतुकाकडे होतं.

खाली वाकून पाहिलं तर मागच्या डाव्या बाजूचा बुश गेला होता. त्या बाजूला वजन आलं की रबर दबायचं आणि लोखंड लोखंडाला भेटायचं. त्या जागी कोणीही बसलं असतं तरी वाजलंच असतं. मॅडमच्या जागी चौधरी सरांना बसवून एक चक्कर मारायची, एवढं साधं काम मी केलं नाही. विनोद झाला होता, लोक हसले होते, मला तेवढं पुरलं.

मग नवा बुश कोणता बसवायचा हा प्रश्न आला. बाजारात तीन तऱ्हा मिळतात. एक, गाडीसोबत कंपनीतून येतो तसा रबरी. दुसरा, दिसायला अगदी तसाच पण जुनं रबर वितळवून केलेला स्वस्तातला, तो एक उन्हाळाही काढत नाही. आणि तिसरा लाल रंगाचा, प्लॅस्टिक आणि रबर यांच्या मधल्या जातीच्या टणक मालाचा, त्याला आम्ही पीयू म्हणतो. तो वर्षानुवर्षं टिकतो, तेलापाण्याला दाद देत नाही, आणि शर्यतीच्या गाड्यांना बसवतात.

शर्यत म्हटल्यावर चौधरी सरांची मान ताठ झाली. बोरसे सरांनी मोबाइलवर त्याचे व्हिडिओ पाहिले होते. पाटील सरांनी किती वर्षं टिकेल त्याचं गणित मांडलं. ही मंडळी शिक्षक असल्यामुळे निवडणुकीच्या कामाची सवय. त्यांनी माझ्या गॅरेजात चक्क हात वर करून मतदान घेतलं. लाल बुशाला तीन मतं पडली. महाजन मॅडम म्हणाल्या, “आपण रोज शाळेत जातो. गाडीत होता तसाच रबरी बसवा.” ते एक मत पडलं.

आणि मी कोणाच्या बाजूने होतो? मीही लालच्याच. जळगावात तोवर रोजच्या गाडीला असा बुश कोणी बसवलेला नव्हता आणि पहिला मान मला हवा होता.

माल आणायला धुळ्याला गेलो. तिथे हनीफचाचांचं सुट्या भागांचं दुकान आहे. चाचा बुश हातात घेऊन नख रुतवतात, वास घेतात आणि मगच काउंटरवर ठेवतात. मी लाल बुश मागितला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“वसंतभाऊ, गाडी रेसमा पळावनी शे का शाळामा लई जानी शे?”

“शाळेत.”

“मंग रबरी ले. कडक बुश चाकाला सरळ ठेवतो, पण खड्डा जसाच्या तसा माणसाला पोचवतो. मास्तरला सरळ चाक काय करायचं? त्याला सरळ पाठ पाहिजे.”

मी म्हणालो, गिऱ्हाइकाने मतदान केलंय. चाचांनी लाल बुश पेटीत घालून दिले आणि म्हणाले, “परत आणशील तर पेटी जपून ठेव.” मी हसून पेटी तिथेच फेकली.

बुश बसवले. महिनाभराने एका शनिवारी पाटील सर, चौधरी सर आणि बोरसे सर परत आले. तिघंही गाडीतून उतरले ते कमरेला हात लावूनच.

“वसंतभाऊ,” बोरसे सर म्हणाले, “पूर्वी खड्डा आला की कळायचं. आता रस्त्यावरची रेघसुद्धा कळते.”

चौधरी सरांच्या गळ्यातली शिट्टी आपोआप वाजायची म्हणे. पाटील सरांच्या डब्यातल्या वरणाला आवळ झाकण लावूनही भाजीची भेट घ्यायची सवय लागली होती. आणि एवढं होऊन गाडी गप्प नव्हतीच, आता ती दर वळणावर कुईं-कुईं करत होती. लाल बुशाला खास ग्रीस लागतं, ते मी बेताबेताने लावलं होतं.

मी विचारलं, “मॅडम नाही आल्या?”

पाटील सर म्हणाले, “मॅडमनी गाडी सोडी.”

झालं असं होतं. माझा विनोद गाडीत राहायला आला होता. खड्डा आला की कोणीतरी म्हणायचं, मॅडम, जरा मधे सरका. गाडी कुईं वाजली की म्हणायचं, मॅडम, हळू श्वास घ्या. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. मॅडम आठ दिवस हसल्या, नवव्या दिवशी आल्या नाहीत. आता त्या रेल्वेच्या पॅसेंजरने पाचोऱ्याला उतरून पुढे रिक्षाने जात होत्या. पॅसेंजर रोज वेळेवर थोडीच असते? पहिला तास चुकू लागला. मुख्याध्यापकांनी दोनदा लेखी विचारलं. मॅडमनी स्वेच्छानिवृत्तीचा फॉर्म आणला होता आणि सोमवारी तो भरून देणार होत्या.

“अडीच वरीस राहिनात फक्त,” पाटील सर म्हणाले. “आम्ही तिघं त्यासना घर जाऊन उनूत. दार उघडं, पानी दिधं, पन गाडीना विषय काढू दिधा नही.”

मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगतो. शरम वाटली. सहा वर्षं बिनबोभाट आपल्या जागेवर बसलेल्या बाईला मी एका वाक्यात उठवलं होतं, आणि तेही स्वतःची हुशारी दाखवायला.

करायला हाताशी काही नसलं की मी भंगाराची पेटी उपसतो. त्यात तो जुना डावा बुश सापडला. काढला त्या दिवशी मी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. आता पाहिला तर रबर झिजलेलं नव्हतंच, फुगून मऊ झालं होतं आणि कडेने सुटलं होतं. नाकाशी नेला. शेंगदाणा तेल!

मी पाटील सरांकडे पाहिलं. गणिताचा माणूस, चेहऱ्यावर उत्तर लगेच उमटलं.

“पावसाळामा गाडी कुरकुर करे म्हनीसन...” ते म्हणाले. “दर रविवारी एक चमचा.”

“दोन्ही बाजूंना?”

“नही. उजवी बाजू भिंतले लागेल ऱ्हास. तठे हात पोचत नही.”

म्हणजे पावसाळ्यापासून हा माणूस दर रविवारी डाव्या बुशाला फोडणीचं तेल पाजत होता! लोखंड कुरकुरलं तर तेल चालतं, रबराला तेल म्हणजे विष. ते फुगतं, सैल पडतं आणि जागा सोडतं. बोरसे सर आणि चौधरी सर पाटील सरांकडे असे पाहत राहिले की मला पाटील सरांचीच कीव आली. पण मला कोणाला बोलायचं तोंड नव्हतं.

शनिवारीच धुळ्याला जाऊन कंपनीचे रबरी बुश आणले. चाचांनी एवढंच विचारलं, “पेटी?” रविवारी लाल बुश काढून रबरी दाबून बसवले. आता एकच काम राहिलं होतं, आणि बुशाच्या कामात बहुतेक मेकॅनिक तिथेच चुकतात.

रबरी बुशाचा बोल्ट चाकं हवेत लोंबत असताना आवळायचा नसतो. बोल्ट आवळला की रबर त्या अवस्थेत पकडलं जातं. मग गाडी खाली टेकली की त्याला पीळ बसतो, आणि तो पीळ घेऊनच ते रोज चालतं आणि लवकर फाटतं. म्हणून गाडी चाकांवर उभी करायची, रोज असतं तेवढं ओझं तिच्यात ठेवायचं आणि आपण गॅरेजमधल्या, गाडीखालच्या खड्ड्यात उतरून आवळायचं. हे काम मी मुद्दाम शिल्लक ठेवलं आणि जुना बुश वर्तमानपत्रात गुंडाळून पिंप्राळ्याला निघालो.

मॅडमचं घर तिसऱ्या मजल्यावर. गुडघे धरत चढलो. दार मॅडमनीच उघडलं. बसा म्हणाल्या नाहीत. टेबलावर फॉर्म होता, त्यावर पेन.

“मॅडम, तुमच्याशिवाय गाडीचं काम अडलंय,” मी म्हणालो.

“का? आवाज काढून दाखवायचाय का कोणाला?”

मी पुडी उघडून बुश पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, दाबला, हुंगला.

“शेंगदाणा तेल,” त्या म्हणाल्या. “रबरावर? नववीच्या पोरांनाही कळतं हे. कोणी घातलं?”

“पाटील सरांनी. दर रविवारी.”

“डाव्याच बाजूला?”

“उजवीकडे भिंत आहे.”

त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण त्यांनी ते परत नेलं. “म्हणजे दोष तेलाचा होता,” त्या म्हणाल्या.

“तेलाचा,” मी म्हणालो. इथे ‘आणि माझ्या तोंडाचा’ असं म्हणायला हवं होतं. बत्तीस वर्षांत गिऱ्हाइकाला चुकलो म्हणायची सवय लावून घेतली नव्हती. त्याऐवजी मी बोल्ट, पीळ आणि ओझं यांवर मोठं व्याख्यान दिलं. “गाडी रोज ज्या माणसांनी चालते त्याच माणसांनी ती भरलेली पाहिजे. चौघंही. नाहीतर बुश नीट बसणार नाही. उद्या सकाळी साडेसहाला याल?”

“माझं वजन हवंय म्हणजे,” त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मी जिना उतरलो. रस्ताभर स्वतःला शिव्या दिल्या. ज्या वजनावरून एवढं रामायण झालं, त्याच वजनापाशी पुन्हा नेऊन ठेवलं होतं त्यांना.

सोमवारी सहालाच गॅरेज उघडलं. तिघं शिक्षक सव्वासहाला आले. साडेसहा झाले, सहा चाळीस झाले. पाटील सर घड्याळ बघून म्हणाले, “आते निंघाले पाहिजे.” तेवढ्यात रिक्षा थांबली आणि महाजन मॅडम उतरल्या. खांद्याला पर्स, हातात डबा. सरळ मागचं डावं दार उघडून आपल्या जागेवर बसल्या.

पाटील सर स्टिअरिंगसमोरून मागे वळले. “मॅडम, चूक मनीच शे. बठ्ठं तेल मीच टाकं.”

“ऐकलं,” मॅडम म्हणाल्या. “घरी आमटीला उरतं का?”

चौधरी सर फसकन हसले आणि घाबरून थांबले. मी खड्ड्यात उतरलो. डोक्यावर चार माणसं, चार डबे आणि तपासलेल्या वह्यांचा एक गठ्ठा. उजवा बोल्ट आवळला. डावा आवळताना वरून बोरसे सरांनी हळूच विचारलेलं मला ऐकू आलं, “मॅडम, तो फॉर्म?”

“पर्समध्ये आहे. गाडी वाजली तर आजच देईन.”

मी पान्यावर आणखी एकदा जोर दिला. वर आलो, हात पुसले, गाडीला जायची खूण केली. गॅरेजच्या बाहेर वीस पावलांवर एक स्पीडब्रेकर आहे, तो कोणी बांधला देव जाणे, उंटाची पाठ बरी. पाटील सर त्याच्या दिशेने निघाले. मी रस्त्याच्या मधे उभा राहून कान लावला. या कानाला मी आयुष्यभर फार मिरवलं होतं, आज तो काहीच न ऐकण्यासाठी आसुसला होता. पुढची चाकं चढली, उतरली. मागची चढली. उतरली.

काही नाही. डब्याचं झाकणसुद्धा वाजलं नाही.

पण स्पीडब्रेकरपलीकडे गाडी थांबली. मागची डावी काच खाली झाली आणि मॅडमनी हाताने मला बोलावलं. मी धावत गेलो. या वयात मी लाइटबिलाच्या शेवटच्या तारखेलाही धावत नाही.

“भाऊ, एक विचारायचं राहिलं,” त्या म्हणाल्या. “आमचे हे दीपनगरच्या वीज केंद्रात फिटर होते. बोल्ट आवळायला वजन लागतं हे मला माहीत आहे. पण मग माझ्या जागेवर सिमेंटची दोन पोती ठेवून भागलं असतं ना?”

बाकीचे तिघं माझ्याकडे पाहत होते. खोटं बोलायची सोय नव्हती.

“भागलं असतं,” मी म्हणालो.

“मग तीन मजले कशाला चढलात?”

“पोत्याची माफी मागता येत नाही, मॅडम. मी चुकलो.”

मॅडमनी काच वर करता करता पुढे वाकून पाटील सरांच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली.

“चला सर. पहिला तास माझा आहे.”